मंजुश्रीला पुढे कुणी धाडलं?

१

बाळंतीण गेली आणि तिच्यामागोमाग तिचा केसपेपरही गेला. डॉक्टर म्हणाले, सिस्टरने हरवला. सिस्टर म्हणाली, मी तो शेवटचा पाहिला तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर होता. कागदाला काही पाय फुटत नाहीत. पण पोलिसांना डॉक्टरांचं पटलं, कारण जबाब देताना डॉक्टर खुर्चीवर बसले होते आणि सिस्टर उभी होती.

गेली ती मंजुश्री. कमलनगरातल्या वीरेशची बायको, संतपूरच्या अक्कम्माची एकुलती एक लेक. पहिलंच बाळंतपण, म्हणजे रीतीने माहेरी व्हायचं. पण कमलनगरात डॉ. अरुणकुमारांचा दवाखाना हाताशी आहे म्हणून अक्कम्माच लेकीकडे येऊन राहिली होती. सकाळी कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं, दुपारी डॉक्टरांनी बिदरला पुढे धाडलं, आणि भालकी ओलांडल्यावर जीपमध्येच ती गेली. बाळ पोटातच राहिलं. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूल अडलं होतं, गर्भाची पिशवी फाटली. वेळेवर सिझर झालं असतं तर दोघंही वाचली असती.

डॉ. अरुणकुमारांचं म्हणणं असं की जगदेवी सिस्टरने कुणाला न विचारता कळा वाढवायचं इंजेक्शन टोचलं आणि त्याने पिशवी फाटली. अक्कम्माने लगेच जगदेवीवर फिर्याद दिली. जगदेवी जामिनावर सुटून घरी बसली होती. आता जिल्ह्याची चौकशी समिती काय लिहिते त्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. दोष तिचा ठरला तर तुरुंग होता, आणि पुन्हा कधी कुठल्या दवाखान्याची पायरी तिला चढता आली नसती.

त्या समितीत बाहेरच्या सदस्य होत्या सुधारानी मॅडम. गुलबर्ग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. डॉक्टरवर एकदा खटला झाला की त्यानंतर तो कुठल्या रोग्याला हात लावतो आणि कुणाला पुढे धाडतो, हा त्यांचा अभ्यास. मी शिवकन्या, त्यांच्यासाठी सीमेवरच्या गावांतून फिरून लोकांना बोलतं करते. कमलनगरचीच आहे, मराठी-कन्नड दोन्ही येतं, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू गावभर सांगते. अर्थशास्त्र म्हणजे पैशांचा हिशेब अशी माझी समजूत होती. मॅडमच्या हाताखाली लागल्यावर कळलं की भीतीचाही हिशेब मांडता येतो.

केसपेपर शोधायला आपण दवाखाना पालथा घालू, असं मी म्हटलं. मॅडमनी मान हलवली. कागद मिळणार नाही, त्या म्हणाल्या. मंजुश्री कुठल्या खोलीत होती आणि तिथून तिला कुणी बाहेर काढलं, एवढं कळलं तरी पुरे.

२

डॉ. अरुणकुमारांचा दवाखाना मी लहानपणापासून पाहते. आधी त्यांचे वडील बसायचे. आता बाहेरच्या पडवीला लोखंडी जाळी आली आहे, नातेवाइकांनी जाळीच्या अलीकडे बसायचं, पेशंट तेवढा आत. गेल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या भावजयीचं बाळ दगावलं तेव्हा जमावाने सगळ्या काचा फोडल्या होत्या. त्याची केस ग्राहक मंचात अजून चालू आहे.

डॉक्टर कपाळाला विभूती लावून बसले होते. मागे बसवण्णांची तसबीर. बोलायला गोड माणूस, मला तर त्यांनी घरच्यांची चौकशी करत चहाही पाजला. मॅडमनी सरळ विचारलं, सिझर का केलं नाही?

त्यांचं उत्तर तयार होतं. मूल अडलंय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, सिझर करायलाच हवं होतं. पण टेबल मोकळं नव्हतं. उदगीरहून भुलीचे डॉक्टर आले होते ते दुसऱ्या बाईसाठी, आणि त्या बाईचं पोट उघडलेलं असताना ही आली. मंजुश्री बाळंतपणाच्या खोलीपलीकडे कधी गेलीच नाही. एक टेबल, एक भुलीचा डॉक्टर, म्हणून मी तिला बिदरला धाडलं. तोवर सिस्टरने इंजेक्शन दिलेलं होतं.

मी उदगीरच्या भूलतज्ज्ञांना आधीच फोन लावला होता. ते म्हणाले, एका सिझरसाठी बोलावलं होतं, एक सिझर झालं, मी परत आलो. बाईचं नाव कोण विचारतो? म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं सगळीकडून जुळत होतं.

मॅडमनी मग भलताच प्रश्न केला. त्या खटल्यानंतर तुमच्या कामात काही फरक पडला का?

डॉक्टरांनी खिडकीच्या नव्या काचेकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही पुस्तकात लिहाल. मला रोज इथे बसायचंय," ते म्हणाले. "जो तो आपलं बघतो. मीही बघतो."

निघताना त्यांनी एक सल्ला दिला. जगदेवीला भेटणार असाल तर तिच्या रडण्यावर जाऊ नका, फार हुशार बाई आहे.

३

जगदेवी अजिबात रडली नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. घराचं दार अर्धं लोटून ती आतल्या अंधारात बसली होती. शेजारच्या बायका येता-जाता थांबून आत डोकावायच्या, म्हणून दार लोटलेलं.

तिची हकीकत अगदी उलट होती. इंजेक्शन दिलंच नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले सिझर करायचंय, तयार कर. तिने तयार केलं, मंजुश्रीला स्वतः टेबलावर घेतलं. उदगीरचे डॉक्टर बाजूच्या खोलीत चहा पीत होते. तेवढ्यात डॉक्टर बाहेर गेले. परत आले ते वेगळ्याच चेहऱ्याने, आणि तिला म्हणाले, वॉर्डात जाऊन दुसऱ्या बाईची तयारी कर. ती गेली. परत येते तो टेबल रिकामं, आणि बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज.

"मी इचारलं, सर, त्या पोरीला कामून हलवलं? ते म्हनले, तू तुजं काम कर. आता मीच मारलं म्हनायलेत."

हे पोलिसांना सांगितलं होतंस का, असं मी विचारलं. सांगितलं होतं, ती म्हणाली, पण लिहून घेणाऱ्याने पेन उचललं नाही. आत तेव्हा तिच्याशिवाय डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर. कंपाउंडर डॉक्टरांचा मेहुणा. म्हणजे तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

बाहेर पडल्यावर मी मॅडमना म्हटलं, ही खरं बोलते. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला वाटतं म्हणून समिती मानणार नाही. मला त्यांचा राग आला. त्या बाईला एक घास गिळता येत नव्हता आणि ह्यांना पुरावा हवा होता. पण त्या पुढे म्हणाल्या, "दोघांपैकी एक जण खोटं सांगतोय, आणि फरक फक्त एवढाच आहे की मंजुश्री टेबलावर चढली होती की नव्हती. ते आता मंजुश्रीच सांगू शकेल."

४

संतपूरला अक्कम्माच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. लेक जाऊन महिनाही झाला नव्हता. बसा म्हणाली, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला, ती नर्स आत कधी जायलीय?

तिला दुसरं काही नको होतं. भरपाई नको, डॉक्टरांची माफी नको. लेकीला मारणारी बाई तुरुंगात गेलेली बघायची, मग मी मरायला मोकळी, असं ती म्हणाली. मी तिला कन्नडमध्ये धीर द्यायला गेले तर तिने हाताने थांबवलं.

मॅडमनी हळूच विचारलं, त्या नर्सवर एवढा राग का? इंजेक्शन देताना तर तुम्ही पाहिलं नाही.

"इंजेक्शनचं डाक्टरनं सांगितलं. पन मी सोता बगितलं ते कुनाला सांगू?" अक्कम्मा म्हणाली. "माज्या लेकीनं गळ्यातलं लिंग कदी उतरिवलं न्हाई. लगनात न्हाई, तापात न्हाई. शेवटची न्हाऊ घालताना बगते तर गळा मोकळा. लिंग उजव्या दंडाला बांधल्यालं, दवाखान्यातल्या पांढऱ्या पट्टीनं. त्या बाईनं माज्या लेकीचं लिंगसुदिक जाग्यावर ठिवलं न्हाई."

मॅडमच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. त्या स्वतः लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग मरेपर्यंत न उतरवणाऱ्यांतल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गाठ कशी होती, घाईत मारलेली की नीट? अक्कम्मा जरा आठवून म्हणाली, नीट होती. दोनदा गुंडाळून गाठ मारलेली, चांदीची डबी आत घट्ट बसलेली.

जीपमध्ये बसल्यावर मॅडम मला म्हणाल्या की त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांनीही लिंग उतरवायला नकार दिला होता. मग सिस्टरने त्यांची परवानगी घेऊन ते गळ्यातून काढलं आणि दंडाला पट्टीने बांधलं. भूल देताना गळ्यात काही चालत नाही. आमच्या भागातल्या सगळ्या दवाखान्यांत लिंगायत पेशंटचं असंच करतात. नुसतं इंजेक्शन द्यायला कुणी गळा मोकळा करत नाही.

म्हणजे मंजुश्री टेबलावर चढली होती.

मला एक कळेना. डॉक्टरांनी टेबलावरचा गाऊन काढून पुन्हा साडी गुंडाळायला लावली असणार, हातातली सलाइनची सुई काढली असणार, केसपेपर तर नाहीसाच केला. मग एवढी पट्टी कशी विसरले?

"विसरले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "अरुणकुमार आमच्यातलेच आहेत. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. जगदेवीने बांधलं तेव्हा मंजुश्रीला विचारून बांधलं असणार. सोडायच्या वेळी जगदेवी तिथे नव्हती, आणि बाकी कुणाची हिंमत झाली नाही."

एक बाई मरायला टाकताना ज्याचा हात थांबला नाही, त्याचा हात तिथे थांबला. माझं डोकं तापलं. पण मॅडमचं चित्त दुसरीकडेच होतं. डॉक्टर म्हणतील, तिला टेबलावर नर्सनेच आपल्या मनाने घेतलं. ती दुसरी बाई शोधायला हवी, त्या म्हणाल्या.

५

दुसरी बाई वीटभट्टीवरची निघाली. तिची सासू शकुबाई आम्हाला भट्टीमागच्या झोपडीत भेटली. सून आत पडून होती. टाके पिकले होते, बाळाला अंगावर घेतानाही ती कण्हत होती.

शकुबाईला मात्र डॉक्टरांचं कोण कौतुक. गावात चांगल्या घरच्या बायका असताना त्यांनी आमच्यासारखीला आधी घेतलं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मॅडमनी विचारलं, कुणाच्या आधी?

"ती लेकरू गेलेली व्हती न्हवं, तिच्या," शकुबाई म्हणाली. "आदी तीच आत व्हती. आमी जाळीजवळच बसलो व्हतो. डाक्टर त्वांडावरचं फडकं गळ्यात घिऊन भाईर आले, कानाला फोन. व्हय गुरुपादण्णा, व्हय अण्णा, म्हनायले. मग फोन ठिवला आनि भितीला टेकून हुबेच राहिले. घाम पुसला. मग मेव्हण्याला म्हनले, गाडी काढ. तिला भाईर आनलं आनि माज्या सुनंला आत न्हेलं."

सुनेला सिझरची गरज होती का? शकुबाईला काय माहीत. सिस्टर म्हणाली होती, दुसरं बाळंतपण आहे, दिवस मावळायच्या आत आपोआप मोकळी होईल. मग डॉक्टर म्हणाले, कापावंच लागेल. डॉक्टर म्हणतात म्हणजे लागतच असणार.

परत येताना मॅडमनी वहीतलं डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, भुलीचा डॉक्टर उदगीरहून बोलावला होता, तो रिकामा परत कसा धाडायचा? टेबलावर कुणीतरी हवंच होतं. शिवाय टेबल अडलेलं होतं, हे सांगायलाही ती बाई उपयोगी पडली.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. जिला कापायला हवं होतं तिला हात लावला नाही, आणि जिला नको होतं तिला कापलं. आणि ती सासू त्याचे उपकार मानत होती.

शकुबाई बिदरला येऊन हे सांगेल का, असं मी मॅडमना विचारलं. डॉक्टरांविरुद्ध ती चकार शब्द काढणार नाही, त्या म्हणाल्या. सुनेचे पिकलेले टाके त्यांनाच बघायचेत.

६

गुरुपादण्णा, म्हणजे गुरुपादय्या, हे अक्कम्माचे चुलतभाऊ. गुलबर्ग्याच्या तूरडाळीच्या बाजारात त्यांचा शब्द चालतो, आणि बिदरपर्यंत त्यांना ओळखत नाही असा पुढारी नाही. आम्ही गेलो तेव्हा गादीवर बसून डाळीचा नमुना तळहातावर चोळत होते. भाचीचं नाव काढताच डोळे भरून आले, आणि ते खोटे नव्हते.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस दवाखान्यात गेला की घरातला एक जण चहा आणायला पळतो आणि एक जण फोन लावायला. आमदाराचा माणूस, मार्केटचा चेअरमन, मठाचा कारभारी, जो कुणी वजनदार असेल त्याने डॉक्टरला सांगायचं, आपला पेशंट आहे, जरा बघा. फोन नाही लावला तर नंतर लोक तोंडावर म्हणतात, एवढा मोठा माणूस घरात असून तुम्ही काही केलं नाही. मी स्वतः माझ्या दिराच्या वेळी लावला होता.

गुरुपादण्णांना विचारावंही लागलं नाही. "मी काय कमी केलो का? सोता फोन लावलो," ते म्हणाले. "म्हनलो, डाक्टर, ही माजी पोर हाय. हिला कायबी व्हता कामा न्हाई. झालं तर माज्याशी गाठ हाय. हसत हसतच म्हनलो. ते म्हनले, काळजी करू नका अण्णा. अक्कम्मानं रडत फोन केल्ती, मग मी गप्प बसू का?"

मॅडमनी वेळ विचारली. त्यांनी सांगितली. मॅडमनी पुन्हा विचारलं, मग त्यानंतर किती मिनिटांत जीप निघाली हे तुम्हाला कळलं असेल ना?

त्यांचा हात डाळीवर थांबला. बाजारात आयुष्य गेलेला माणूस, त्याला दोन आणि दोन शिकवावे लागत नाहीत. ते गादीवरून उठून उभे राहिले. "मी फोन लावलोच न्हाई," ते म्हणाले. "लिवू नका. समितीत बोलवलं तर मी हेच सांगनार."

रस्त्यावर आल्यावर मॅडमनी मला त्यांच्या अभ्यासातलं जे कधी धड सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आम्ही गोळा केलेल्या माहितीत एक उलटी गोष्ट सारखी दिसत होती. डॉक्टर म्हणतात, आम्ही पुढे धाडतो ते उशिरा आलेल्यांना, अडाणी लोकांना. पण ज्या डॉक्टरांवर खटला झाला होता त्यांनी अवघड वेळी पुढे धाडलेल्यांत फोनवाले पेशंटच जास्त होते. फोन करणाऱ्याला वाटतं आपण डॉक्टरला जागं केलं. डॉक्टरला ऐकू येतं, काही झालं तर हा माणूस जमाव घेऊन येईल. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांच्यावर मात्र सुरी झटकन चालते, कारण ते विचारायला येत नाहीत. "कुणाच्याच वाट्याला नीट डॉक्टर येत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी आतापर्यंत हे तक्त्यात पाहत होते."

मग आम्ही दोघीही एकदमच थांबलो. फोन गुरुपादण्णांनी केला. पण करायला कुणी सांगितलं होतं?

७

सांगू नका, असं मी मॅडमना परतीच्या वाटेवर किती वेळा म्हटलं असेन. लिंगाचं सांगा, शकुबाईचं सांगा, जगदेवी सुटेल. त्या आईला कशाला मारता?

सुटणार नाही, मॅडम म्हणाल्या. समिती पहिला प्रश्न हाच विचारेल की चांगल्या घरची बाई टेबलावरून उतरवून डॉक्टर भट्टीवरचीला का घेईल? याचं उत्तर त्या फोनशिवाय नाही. गुरुपादण्णा नाकबूल झाले. समितीला फोनच्या नोंदी मागायचा अधिकार नाही, आणि पोलिसांना त्यांची आरोपी मिळालेली आहे. त्या फोनबद्दल आता एकच माणूस बोलू शकत होतं, आणि तेच जगदेवीवर फिर्याद करून बसलं होतं.

"एक निर्दोष बाई तुरुंगात जाईल, शिवकन्या. अक्कम्माला न सांगणं म्हणजे तिला आत ढकलणं."

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून होणार नाही. आणि त्यांनी सांगितलं. संतपूरच्या त्याच अंगणात, कन्नडमध्ये, एकही शब्द न लपवता. दंडाची पट्टी म्हणजे काय ते सांगितलं. नर्सने ती का बांधली ते सांगितलं. गुरुपादण्णांचा फोन आला तेव्हा मंजुश्री टेबलावर होती, हे सांगितलं. दोष डॉक्टरांचा आहे, तुमचा नाही, हेही त्यांनी निरनिराळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं.

अक्कम्मा शेवटपर्यंत ऐकत होती. मग उठली, सुपातली तूर पोत्यात ओतली, घरात गेली आणि दाराला आतून कडी घातली.

आम्ही बाहेर उभ्या राहिलो. मी हाका मारल्या, शेजारणीने मारल्या. आतून फक्त एकदा आवाज आला, जावा म्हणून. मॅडम जीपमध्ये बसून रडल्या, आणि मी त्यांना एका शब्दाने धीर दिला नाही, इतकी मी चिडले होते. सुनावणी परवावर आली होती.

८

बिदरला समितीच्या खोलीत एका बाजूला डॉ. अरुणकुमार बसले होते, मागच्या बाकावर जगदेवी. मॅडमनी सगळं मांडलं. दंडावरच्या पट्टीचं ऐकताना डॉक्टरांचा हात कपाळाकडे गेला, पण ते सावरले. म्हणाले, सिस्टरने आपल्याच मनाने तिला आत घेतलं असेल, मी दुसऱ्या बाईजवळ होतो. भट्टीवरच्या म्हातारीला आधी-नंतर काय समजतं?

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. हातातली चांगली केस सोडून डॉक्टर असं का करतील? कारण काय?

मॅडमनी फोनचं सांगितलं. त्याला काही आधार आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. मॅडमनी हातातली वही मिटली. मागे जगदेवीने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

तेवढ्यात दार ढकलून अक्कम्मा आत आली. संतपूरच्या बसने एकटीच आली होती, पायात धूळ, पदर नीट घेतलेला. शिपाई अडवायला लागला तर म्हणाली, मेलेली माजी लेक हाय. अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"फोन मी लावायला लावले," ती म्हणाली. "जाळीजवळ बसून. गुरुपादण्णाला म्हनले, डाक्टरला सांग, माज्या लेकीकडं नीट बग म्हनून."

मग ती डॉक्टरांकडे वळली. आवाज चढला नाही, उलट शेजारणीला विचारावं तसं तिने विचारलं. "डाक्टर, अण्णाचा फोन आला नसता तर तुमी तिला कापलं असतं का? खरं सांगा. मला आता कायबी केलं तरी सोसतं."

उत्तर 'नाही' आलं तर ती आई सुटत होती आणि जगदेवी अडकत होती. 'हो' आलं तर उलट. अक्कम्माला हे कळत होतं, तिच्या तोंडावरून मला दिसत होतं. डॉक्टरांनाही कळत असावं. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग त्यांना तिच्याकडे पाहावंच लागलं.

"हो, अक्का," ते म्हणाले. "केलं असतं. सगळी तयारी झाली होती."

मागे जगदेवीने तोंडाला पदर लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. अक्कम्मा जागची हलली नाही. तिने फक्त टेबलाचा काठ धरला. मी पुढे झाले, पण मला धरायला जागाच सापडेना.

"लिवून घ्या सायेब," ती कारकुनाला म्हणाली. "ते आत्ता काय म्हनले ते समदं लिवून घ्या. मी काय म्हनले तेबी लिवा."

कारकुनाने लिहिलं. तिने ते वाचून दाखवायला लावलं. अंगठ्याची शाई पुढे केली तेव्हा ती म्हणाली, मला सही येते. कन्नडमध्ये सावकाश सही केली, पेन परत दिलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली.